नको म्हणणारीचं तारण

माणूस देवाला निवडतो की देव माणसाला, यावर आमच्या मंडळीत गेली दोन-तीन वर्षं वाद चालू आहे. वाद हातघाईवर आलेला नाही. ख्रिस्ती माणसं आहोत, हसत हसत भांडतो. पण उपासना संपून चहा निवला तरी खोलीत दोन कोंडाळी उभीच असतात, आणि चपला शोधता शोधता माझं डोकं फिरतं.

इथं टेक्ससमध्ये, अर्विंगमधल्या एका मोठ्या अमेरिकन चर्चनं आम्हां मराठी लोकांना मागच्या बाजूची एक खोली रविवारी दुपारी वापरायला दिली आहे. नगर, पुणे, नागपूर, मुंबई असं सगळीकडचं मिळून पंधरा-वीस घरं, बहुतेक आयटीतली. खुर्च्या आपणच मांडायच्या, आपणच उचलायच्या, आणि जाताना एसी बंद केला का ते कुणीतरी परत येऊन बघायचं. गाणी मात्र मराठीत, पेटीवर. त्या दोन तासांसाठी मी आठवडाभर थांबते, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं वाचून वाटेल की मला या लोकांचा रागच आहे. राग आहेच, पण माणसं माझी आहेत.

वादाच्या एका टोकाला काका आहेत. पुण्याच्या एका बँकेतून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आलेले. ‘तारण’ या शब्दाचा अर्थ नोकरीभर त्यांनी गिऱ्हाइकाच्या पाटल्या-बांगड्या असाच लावला, आणि आता त्याच शब्दाच्या दुसऱ्या अर्थासाठी, म्हणजे आत्म्याच्या उद्धारासाठी, जीव टाकतात. दुसऱ्या टोकाला दादा. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी लहान, नागपूरचे, डेटाबेसचं काम करतात आणि ऑफिस सुटल्यावर ऑनलाइन धर्मशास्त्र शिकतात. वयानं लहान असूनही सगळे त्यांना दादाच म्हणतात, कारण एकदा बोलायला लागले की मोठेच वाटतात.

काकांचं म्हणणं असं, की देवाची कृपा सगळ्यांना खुली आहे, पण ती घ्यायला माणसानं हात पुढे केला पाहिजे. देव कुणावर जबरदस्ती करत नाही, इच्छा माणसाची. दादांचं म्हणणं, माणूस पापात मेलेला आहे, आणि मेलेला माणूस हात पुढे करेल कसा? तेव्हा कुणाला वाचवायचं हे देवानं आधीच ठरवून ठेवलंय, आणि ज्याला त्यानं निवडलं त्याला त्या कृपेला नाही म्हणताच येत नाही. दोघांकडेही वचनं तयार असतात. एकानं एक पान उघडलं की दुसरा त्याच्या मागचं उघडतो.

एकदा दादांनी या विषयावर स्लाइड्स केल्या होत्या. इंग्रजीत देवाच्या निवडीला ‘इलेक्शन’ म्हणतात, त्याचं त्यांनी सरळ ‘निवडणूक’ करून टाकलं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत आलं, ‘देवाची बिनशर्त निवडणूक’. मागच्या रांगेतून काका म्हणाले, “बिनशर्त कशाला, बिनविरोध म्हणा की. समोर दुसरा उमेदवारच नाही!” सगळे खो खो हसले. दादाही हसले, आणि मग चहा होईपर्यंत थांबलेच नाहीत.

मीही हसले होते. तेव्हा हा वाद माझ्या घरात शिरला नव्हता.

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. तिला ऑटिझम आहे आणि ती बोलत नाही. म्हणजे चार-पाच शब्द येतात, त्यातले दोन फक्त मला कळतात. बाकी सगळ्यासाठी तिच्याकडे एक टॅब्लेट आहे. त्यावर चित्रांची बटणं आहेत. बटण दाबलं की तो एका अमेरिकन बाईच्या आवाजात बोलतो: पाणी, बाहेर, गाडी, पुरे. अंगानं ती तिच्या वडिलांसारखी, उंच आणि दांडगी. पेटी सुरू झाली की डोळे मिटून पुढे-मागे डुलते, आणि गाण्याचं कडवं गाळलं तर तिला कळतं. लोक म्हणतात, तिच्या मनाचा पत्ता लागत नाही. माझा अनुभव उलटा आहे. आमच्या घरात स्वतःची इच्छा म्हणून काही असलेलं माणूस ते एकच. लाल मोजे चढवून दाखवा तिच्या पायात! मी आणि तिचे वडील कधीच हरलो आहोत.

तिचा बाप्तिस्मा झालेला नाही. नगरला झाला असता. आमच्याकडे मूल बाहेर काढण्याजोगं झालं की पांढरा झगा घालून देवळात, म्हणजे चर्चमध्येच, न्यायचं, पाळकांनी डोक्यावर पाणी घालायचं, आणि घरी येऊन सगळ्यांनी मटण-भात जेवायचा. माझा तसाच झाला. मला कुणी काही विचारलं नव्हतं. मी आकांत करत होते, असं आई सांगते. त्या आकांताला कुणी नकार मानलं नाही हे माझं नशीब. ही मात्र इथं जन्मली, दिवस भरायच्या आधी, आणि पहिले काही महिने हॉस्पिटलमध्येच गेले. बाहेर आली तोवर आम्ही या चर्चमध्ये जायला लागलो होतो. इथं तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत. पाळक मुलाला हातात घेऊन नुसती प्रार्थना करतात. बाप्तिस्मा मोठेपणी, समजून-उमजून, स्वतःच्या तोंडानं कबुली दिल्यावर. ऐकायला किती छान. मला तेव्हा पटलंसुद्धा होतं.

ती लहान होती तोवर काही अडलं नाही. महिन्यातल्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाच्या इवल्याशा पेल्या ताटात घालून रांगेरांगेनं फिरवतात. बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायचं, असा नियम. लहान मुलं तशीच बसून राहतात, ती पण बसायची. मग साधारण वर्ष-दीड वर्षापूर्वी तिनं हात पुढे करायला सुरुवात केली. दोन्ही हात, ओंजळीसारखे. ताट पुढे निघून गेलं की ती ओरडायची. बाकी कधी ओरडत नाही हो ती त्या खोलीत. केकचं ताट गेलं तर नाही, चहाचा ट्रे गेला तर नाही, फक्त हे ताट गेलं की. तेव्हापासून शेवटचं गाणं सुरू झालं की आमच्यापैकी एकजण तिला बाहेरच्या लॉबीत घेऊन जातो. तिथं ती काचेच्या दाराला कपाळ टेकवून आत बघत उभी राहते. एका महिन्यात मी, एका महिन्यात तिचे वडील.

काकांच्या व्याख्येप्रमाणे तर काम झालं होतं. त्यांना पुढे केलेला हात हवा होता ना, मग हे घ्या दोन.

इथले अमेरिकन पाळक टेक्ससचेच, मनानं चांगले. मी त्यांना जाऊन भेटले. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. सरळ विचारलं, ईस्टरला तुम्ही बाप्तिस्मे देणार आहात, त्यात माझ्या मुलीला घ्याल का? त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, मला फार आनंद होईल. फक्त तुमच्या मराठी ग्रुपचे दोन लीडर तिला ओळखतात, तेव्हा तिची साक्ष, म्हणजे विश्वासाची कबुली, त्यांनी ऐकावी. ते हो म्हणाले की माझं हो.

दोन लीडर म्हणजे काका आणि दादा. मी मनात म्हटलं, बरं झालं. दोघांचं एकमेकांशी कशातच पटत नाही, तेव्हा एक तरी माझ्या बाजूनं असेल.

पुढच्या रविवारी चहाच्या वेळी मी विषय काढला. काका हळहळले. “पोरी, माझी काही हरकत नाही गं. पण निर्णय तिचा हवा. तिनं स्वतःहून हो म्हणायला पाहिजे.” मग त्यांना एकदम काही सुचलं. “तिच्या त्या टॅब्लेटवर एक बटण टाक ना! ‘मी येशूला स्वीकारते’ असं. तिनं दाबलं की झालं.”

मी कपाळावर हात मारला. बटण मी टाकायचं, चित्र मी निवडायचं, तिला शंभरदा दाबायला मी शिकवायचं, आणि त्याला तिची स्वतंत्र इच्छा म्हणायचं! त्याच टॅब्लेटवर तिला पिझ्झाचं बटण आहे. ते ती पाहिजे तेव्हा दाबते, आणि आम्ही कधी विचारलं नाही की बये, तुझ्या मनात पिझ्झाविषयी खरी श्रद्धा आहे ना?

दादा बाजूलाच कप घेऊन उभे होते. “बटणानं काय होते वहिनी,” ते म्हणाले. “बटण दाबलं तरी आतून नवा जन्म झाला हे कशावरून? ते देवाचं काम आहे. ती त्याची निवडलेली असंल तर आहेच. आपण काहून टेन्शन घ्यायचं?”

“मग आहेच समजून द्या की बाप्तिस्मा,” मी म्हटलं.

“तसं नाही ना. फळ दिसलं पाहिजे. कबुली पाहिजे.”

म्हणजे बघा. एक म्हणतो सगळं माणसाच्या हातात, दुसरा म्हणतो माणसाच्या हातात काहीच नाही. इतकी वर्षं एकमेकांची मतं खोडणाऱ्या या दोघांचं शेवटी एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ती गोष्ट म्हणजे माझी मुलगी. तिला थांबवायचं.

वर दोघंही मला समजावू लागले, की वाईट वाटून घेऊ नका, तिला बाप्तिस्म्याची गरजच नाही. ती निरागस आहे, देव तिला सांभाळेलच. हे ऐकून मला सगळ्यात जास्त संताप आला. निरागस? ही मुलगी माझ्या दंडाला चावते, आणि चावण्याआधी माझ्याकडे बघते. मला दुखणार हे तिला पक्कं ठाऊक असतं. नंतर येऊन त्याच दंडावर गाल घासते, तेही तिला ठाऊक असतं. चार माणसांसारखं पाप करायला आणि चार माणसांसारखं क्षमा मागायला ती लायक आहे. तुम्ही तिला देवदूत करून दाराबाहेर ठेवताय. गरज नाही म्हणे! तुम्हाला होती वाटतं?

हे सगळं मी तिथं बोलले नाही. गाडीत बोलले, नवऱ्यापाशी. माझा नवरा अतिशय शांत माणूस आहे, त्याला वादाचं वावडं. लाल दिवा पडला तेव्हा तो म्हणाला, “जाऊ दे ना, लॉबीत काय वाईट आहे? मी नेत जाईन दर वेळी.” त्या दिवशी त्याच्याशी मी घरी पोचेपर्यंत बोलले नाही.

ईस्टरच्या आधी एका शनिवारी दुपारी काका आणि दादा तिची साक्ष ऐकायला आमच्या घरी आले. मी शिरा केला होता, अननसाचा. काका सोफ्यावर टेकतात न टेकतात तोच मी बशी पुढे केली.

“नको नको नको,” काका म्हणाले, “शुगर आहे मला, आणि आत्ताच जेवून निघालोय.” म्हणता म्हणता बशी घेतली. मी आणखी एक चमचा वाढला. “अगं नको म्हटलं ना!” ते म्हणाले, आणि बशी जरा जवळ केली. दादांचंही तेच. “बस वहिनी, बस, नको आता,” आणि हात आडवा धरला तो असा, की बोटांच्या मधून सहज वाढता यावं. यात मला काही वेगळं दिसलं नाही. घरी आलेली माणसं अशीच खातात.

मुलगी जेवणाच्या टेबलापाशी बसली होती. काकांनी बशी गुडघ्यावर ठेवली, घसा साफ केला, आणि फार मायेनं विचारलं. ढोंग नव्हतं त्यात, ते मी कबूल करते. “बाळा, येशूचं तुझ्यावर खूप प्रेम आहे. त्याला तुझ्या मनात घेशील ना गं?”

तिनं पंख्याकडे पाहिलं. काकांकडे पाहिलं. दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, “नको.”

काकांनी चष्मा काढून पुसला. दादा हळूच म्हणाले, “क्लिअर आहे ना वहिनी. ती नाही म्हणून राहिली.”

मला रडू यायला हवं होतं, पण हसूच फुटलं, आणि ते थांबेना. नवरा स्वयंपाकघरातून बघायला आला. मी म्हटलं, “दादा, नको हा तिचा पहिला शब्द आहे. आई म्हणायच्या आधी तो आला. कुठून आला सांगू? याच टेबलावरून.” माझी आई नगरहून येऊन सहा-सहा महिने राहायची, तेव्हा रोजचं जेवण म्हणजे लग्नाची पंगत. ती वाढायची, आम्ही नको नको म्हणायचो आणि ताट पुढे करायचो. या मुलीनं ते ऐकून ऐकून धरलं, की कुणी काही देत असलं आणि आपण घेत असलो की हा शब्द म्हणतात. पोळी हवी, नको. आंघोळीला गरम पाणी हवं, नको. कुशीत घ्यायला हवं, नको. खरंच काही नको असेल तेव्हा ती तोंडातून अक्षर काढत नाही, ताट भिरकावते. शाळेतल्या स्पीच टीचरनं बिचारीनं कुठंतरी या शब्दाचा अर्थ शोधला, तर तिथं नकार असा अर्थ निघाला. मग ही नको म्हणाली की त्या डबा मिटून ठेवायच्या. का रडते म्हणून मला शाळेत बोलावलं, तेव्हा उलगडा झाला. अमेरिकन बाईला हे कळलं नाही हे मी समजू शकते.

“पण काका,” मी म्हटलं, “तुम्ही किती वेळा नको म्हणालात आत्ता? आणि गुडघ्यावर काय आहे?”

काकांनी बशीकडे पाहिलं आणि ओशाळून हसले. “अगं, तो आग्रह झाला.”

“मग कृपा म्हणजे दुसरं काय असतं?”

एवढं बोलून मी थांबायला हवं होतं, पण मला थांबता कुठं येतं. मी म्हटलं, पंगतीत वाढणारा येतो. जेवणारा नको म्हणतो, पानावर आडवा हात धरतो. वाढणारा तरी वाढतो, आणि हाताच्या फटीतून जिलबी पानात पडते. आता सांगा, जेवणाऱ्यानं घेतली की वाढणाऱ्यानं घातली? त्याच्या मनाविरुद्ध घातली म्हणावं, तर तो हात बाजूला घेऊन खातोय. त्यानं मागितली म्हणावं, तर तोंडानं नको म्हणतोय. आपल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या यावर वाद घातला नाही, जेवले. आणि ज्या पोरीला देवाघरचं काही घ्यायचं तर हाच शब्द म्हणतात असं वाटतं, तिला तुम्ही त्याच शब्दासाठी नापास करताय.

काकांचे डोळे खरोखर ओले झाले होते. मला वाटलं, जिंकले मी.

दादा म्हणाले, “वहिनी, जबरदस्त इलस्ट्रेशन आहे हे. मी दोन वर्षं हेच तर सांगून राहिलो ना! नको म्हटलं तरी पानात पडते. कृपा टाळताच येत नाही.”

“छे छे,” काका पुढे सरसावले. “तो हात बाजूला घेतो, हा मुद्दा आहे. घेतला नसता तर? म्हणजे शेवटी इच्छा त्याचीच!”

“हात बाजूला घ्यायची बुद्धी कोणी दिली पण?”

आणि सुरू झाले. माझ्या सोफ्यावर, माझा शिरा खात, माझ्या मुलीच्या डोक्यावरून. तिचे हात अजून पुढेच होते. शेवटी तिच्या वडिलांनी त्यात थोडा शिरा ठेवला.

दोन दिवसांनी काकांचा मोबाइलवर निरोप आला, मोठा, प्रार्थनेनं सुरू झालेला. दोघांनी खूप विचार केला. ‘नको’ या शब्दाचा तिच्या मनातला अर्थ आपल्याला खात्रीनं सांगता येत नाही. तेव्हा या वर्षी थांबू या, घाई नको. हा शेवटचा नको मात्र त्यांना बरोबर कळला होता. पालथ्या घड्यावर पाणी! निदान तेवढं तरी पाणी कुणावर घातलं गेलं, असं मी नवऱ्याला म्हटलं. तो हसला नाही.

ईस्टरला पाच जणांचे बाप्तिस्मे झाले. स्टेजवर काचेची मोठी टाकी असते, तिच्यात उतरतात. एक मुलगा पाण्यात जाताना मित्राकडे बघून दात काढत होता. त्याची साक्ष झाली होती. आमची पायऱ्यांपर्यंत गेली, तिला आम्ही दोघांनी धरून मागे आणलं. कुणीतरी बाई सहज म्हणाल्या, “तिला पाणी आवडतं का हो?” आवडतं. मग? तुम्हांला इथलं पॉटलकचं जेवण आवडत नाही का?

त्यानंतरच्या प्रभुभोजनाच्या रविवारी संदेश, म्हणजे प्रवचन, काकांचं होतं. मी पेटीच्या बाजूच्या रांगेत होते, मधे मुलगी, पलीकडे नवरा. काकांनी सुरुवात केली, “आपल्यातल्याच एका बहिणीच्या घरी मला देवानं एक धडा शिकवला.” मला आधी कळलंच नाही. मग पंगत आली. आडवा हात आला, जिलबी आली. एक मुलगी आली, जी देवाकडे हात पसरते आणि आपल्या भोळ्या भाषेत नको म्हणते, आणि प्रिय हो, आपणही सगळे तसेच नाही का? काका सुंदर बोलले. माझ्यापेक्षा पुष्कळ सुंदर. बायकांनी ओढण्या डोळ्यांना लावल्या. पुढच्या रांगेतली माणसं वळून आमच्याकडे प्रेमानं बघत होती. दादासुद्धा मान डोलवत होते, त्यांना त्यांचा मुद्दा त्यात सापडला असणार. असा संदेश या खोलीत कधी झाला नव्हता, असं नंतर बरेच जण म्हणाले म्हणे.

शेवटचं गाणं सुरू झालं. लॉबीत जायची पाळी माझी होती. मी उठले नाही. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. तोही उठला नाही. मी ठरवून काही केलं असं नाही. एवढा वेळ ज्या मुलीच्या गोष्टीवर सगळे रडले, तिला दंडाला धरून बाहेर कसं न्यायचं, ते मला कळेना.

गाणं संपून नुसती पेटी हळू वाजत होती. ताट दादांच्या हातात होतं. ते आमच्या रांगेत आले. नवऱ्यानं तुकडा घेतला. मुलीनं दोन्ही हात पुढे केले आणि त्या शांत खोलीत स्वच्छ म्हणाली, “नको.” मागून कुणीतरी कौतुकानं हसलंसुद्धा.

दादांनी ताट तिच्यावरून उचलून माझ्यापुढे धरलं. मी सवयीनं तुकडा घेतला, आणि तेवढ्यात माझा नवरा बोलला. त्या खोलीत इतक्या वर्षांत त्याचा आवाज किती जणांनी ऐकला असेल कुणास ठाऊक.

“तिला वाढा,” तो म्हणाला.

दादा लाल झाले. “भाऊ, आपण नंतर बोलू ना यावर. प्लीज.”

“बोलायचं नाहीये. वाढा तिला.”

पेटी थांबली. काका पुढे पुलपिटपाशी उभे होते, ते खाली बघत होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले, की आता तरी हा माणूस मान वर करेल, दादांना खूण करेल. आत्ताच तर तुम्ही सांगितलंत. आत्ताच तर सगळ्यांनी डोळे पुसले. काकांनी मान वर केली नाही. दादा ताट घेऊन पुढच्या माणसाकडे गेले. त्या माणसानं मुकाट्यानं आपला तुकडा घेतला.

या वेळी ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हात तसेच पुढे धरून ताट जाईल तिकडे मान वळवत राहिली.

नवरा उठला आणि दादांच्या मागे जाऊन हातातला तुकडा परत ताटात ठेवला. मीही गेले, माझा ठेवला. मग तिचा हात धरून आम्ही तिघं दाराबाहेर पडलो. कुणी अडवलं नाही. खुर्च्या उचलायची त्या दिवशी आमची पाळी होती, तीही तशीच राहिली. पार्किंगमधली गाडी भट्टीसारखी तापली होती. ती बेल्ट लावून बसली, तिनं टॅब्लेट मांडीवर घेतला, आणि एकही बटण दाबलं नाही. नवऱ्यानं बराच वेळ गाडी सुरू केली नाही. मग मलाच विचारलं, “माझं चुकलं का?”

आमच्या नगरला पंगतीतून कुणी उपाशी उठून गेलं, तर त्याला कुणी नावं ठेवत नाहीत. यजमान कोण होता, ते विचारतात.